चाचा आणि सम्राटाची कबर

चाचा कुठल्याही नव्या गावी गेले की आधी तिथलं कबरस्तान बघायचे. बाजार, समुद्र, मशीद, नातेवाईक, सगळं नंतर. बायकोला घेऊन पहिल्यांदा मुंबई दाखवायला गेले तेव्हाही त्यांनी तिला स्टेशनवरून आधी कबरस्तानातच नेलं होतं, आणि ती बाई पुढं तीस वर्षं हे येईल त्याला सांगत होती. चाचांना त्यात वावगं काही वाटायचं नाही. "गावाची नियत बघायची तं कबरस्तान बघ, डॉक्टर," ते म्हणायचे. "जिवंत माणसं काय, पाव्हणा आला की तोंड धुऊन बसतात."

मी डॉक्टर नाही. मिरजेचा साधा एक्स-रे टेक्निशियन आहे आणि हे मी चाचांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. पण कुवेतमध्ये हवल्लीहून जहऱ्याच्या हॉस्पिटलात स्टाफ नेणारी बस ते चालवत, आणि त्यांच्या बसमध्ये बसलेला प्रत्येक पुरुष डॉक्टर नि प्रत्येक बाई सिस्टर होती. धुलाई विभागातल्या पोरालाही ते डॉक्टरच म्हणत. तो बिचारा पहिले काही दिवस मागं वळून बघायचा, नंतर त्यालाही सवय झाली.

चाचा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. खाडीकाठच्या एका गावातून विशीत कुवेतला आले ते तिथंच राहिले. बोलणं मात्र खाडीचंच राहिलं. मधे हिंदी, चार शब्द अरबी, आणि हॉस्पिटलचं इंग्रजी. मला त्यांची भाषा कळते म्हणून ड्रायव्हरच्या शेजारची सीट कायम माझी. हा मान आहे असं सगळ्यांना वाटे. खरं तर त्या सीटवर डोळा लागायची सोय नव्हती, कारण चाचा दर दोन मिनिटांनी "झोपलास काय रे?" म्हणून विचारत.

त्यांना हॉर्नचं वावडं होतं. कुवेतमध्ये हॉर्न न वाजवता गाडी हाकणं म्हणजे बिनमिठाचा स्वयंपाक, पण चाचांनी तो केला. मागची मोठी गाडी दिवे मारमारून अंगावर आली तरी हे आपले शांतपणे कडेला होत. एकदा मला उशीर होत होता म्हणून मी म्हटलं, चाचा, जरा दाबा. तर म्हणाले, "घाई असलेले समदे पुढं सुलेबिखातला पोचलेत. भेट हवी तं थांबवतो." सुलेबिखात म्हणजे जहऱ्याच्या रस्त्यावरचं मोठं कबरस्तान. त्यानंतर मी कधी घाई केली नाही.

सुट्टीच्या दिवशी माणसं मॉलला जातात, समुद्रावर जातात. चाचा मयतीला जात, तीही अनोळखी माणसाच्या. कोणी बांगलादेशी माळी गेला, कोणी आंध्रचा स्वयंपाकी गेला, मागं नात्याचं कोणी नाही, असं कानावर आलं की हे आंघोळ करून निघाले. मी विचारलं, तुमची ओळख होती का? तर म्हणाले, "मयताला वळख लागत नाय. खांदा लागतो." त्यांच्या मते कुवेतची नियत चांगली होती. सुलेबिखातमध्ये अमीर नि ड्रायव्हर दोघांच्या अंगावर तेवढीच माती. वर घुमट नाही, संगमरवर नाही. वीतभर उंच माती, उशाशी दगड, संपलं. हे सांगताना त्यांच्या आवाजात असा अभिमान यायचा, की जणू त्यांच्याच वडिलांनी तो नियम केला आहे.

त्याच सुलेबिखातमध्ये चाची होत्या.

सहा वर्षांपूर्वी त्या आजारी पडल्या आणि महिन्याभरात गेल्या. गावाहून त्यांच्या भावांचे फोनवर फोन, बहिणीला गावी आणा, आईबापाशेजारी ठेवू. चाचांनी ऐकलं नाही. जिथं मरण तिथं माती, ही त्यांच्याकडची रीत, आणि मयताला विमानात सामानासारखं घालायचं हे त्यांना पटत नव्हतं. भाऊ म्हणाले, परक्या मुलखात तिच्याकडे कोण बघणार? तेव्हा चाचांनी सगळ्यांदेखत शब्द दिला, "मी हाय ना हितं. मी बघीन." त्या एका वाक्यावर मेहुण्यांनी माघार घेतली, आणि त्या वाक्याला चाचा पुढची सहा वर्षं जागले.

जागले म्हणजे काय, तर रोज सकाळी सव्वासहाच्या सुमाराला बस सुलेबिखातपाशी आली की ते रेडिओ बंद करत, स्टिअरिंगवरचा उजवा हात किंचित उचलून सलाम करत, आणि चाचींना एक बातमी सांगत. एकच. "पोरीला पगार वाढला." "कांदे महागलेत." "तुझा भाव पडला, पण पाय मोडला नाय." मागच्या सीटवरच्या केरळच्या सिस्टरांना वाटे, चाचा दुआ म्हणतात, आणि त्या मान खाली घालत. खरा मजकूर मला एकट्यालाच कळे. कांद्याच्या भावाला मान खाली घालून बसलेल्या नर्सेस बघून सकाळी सकाळी हसू आवरणं सोपं नसतं. शुक्रवारी मात्र ते स्वतःच्या गाडीने जात, पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन. कबरीवर पाणी शिंपडत, थोडा वेळ बसत, आणि आठवड्यात सांगायच्या राहिलेल्या बातम्या सांगून येत.

मग चाचांना साठ वर्षं पूर्ण झाली. कंपनीने कळवलं की पुढचा इकामा होणार नाही, चार महिन्यांनी घरी जा. आखातात राहिलेल्या माणसाला इकाम्याचं सांगायला नको. तो राहण्याच्या परवान्याचा कागद आहे तोवर तुम्ही आहात. चाचांनी सगळे उपाय करून पाहिले. हवल्लीतल्या एका लांबच्या भाच्याच्या बाकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, नोकर म्हणून नाव लागतंय का बघितलं. सलव्यातल्या एका घरी माळी ठेवतील का बघितलं. आयुष्यात त्यांनी एक तुळससुद्धा लावली नव्हती. पण साठीच्या माणसाला कोणी घेईना. बसमध्ये ते गप्प बसू लागले. मला कोणी "झोपलास काय रे?" विचारेना, आणि मला चक्क झोप येईना.

नसीम ही त्यांची एकुलती मुलगी. जन्म हवल्लीतला, शाळा तिथलीच, बापाने कोकणीत विचारलं की ही इंग्रजीत उत्तर देणार. शिकून इंजिनियर झाली आणि जपानमध्ये साकाई नावाच्या शहरात सायकलचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागली. ती म्हणाली, अब्बा, माझ्याकडे या. हे म्हणाले, तुझ्या आईकडं कोण बघंल? पोरगी म्हणून गेली की आई आता तिथं नाहीये. चाचांनी चार दिवस तिचा फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी तिने शहाणपणा केला. राहायचं नाव काढलं नाही, नुसतं सांगितलं की तिच्या घरामागं एका सम्राटाची कबर आहे, दीड हजार वर्षांपूर्वीची, जगातल्या सगळ्यांत मोठ्या कबरींपैकी एक, आणि तिच्या आत कोणालाही जाऊ देत नाहीत.

हा फोन आला तेव्हा चाचांनी बस कडेला घेतली होती. चालू बसमधून ते फोनवर कधी बोलत नसत. "कबरीवर जायाला कोणाची बंदी?" त्यांनी तीनदा विचारलं. फोन ठेवून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "पोरगी खोटा बोलत्ये. बघून यायला पायजे."

योग असा की त्याच महिन्यात हॉस्पिटल मला नव्या मशीनच्या ट्रेनिंगला ओसाकाला धाडत होतं. साकाई तिथून जवळच. चाचा आयुष्यात कुवेत-मुंबई सोडून दुसऱ्या विमानात बसले नव्हते, तेव्हा त्यांनी आपली सुट्टी माझ्या तारखांना बांधली. जाताना ओढ मुलीची होती की कबरीची, हे मी विचारलं नाही. विमानात त्यांनी मला अकरा वेळा "झोपलास काय रे?" विचारलं, आणि मला फार बरं वाटलं.

ट्रेनिंगमधल्या रविवारी मी साकाईला गेलो. चाचा दारातच तयार उभे. डोक्याला टोपी, अंगात इस्त्रीचा सदरा, हातात पाण्याची मोठी बाटली. नसीमने सांगून पाहिलं की पाणी नको. ते म्हणाले, "मोकळ्या हातानं कबरीवर जायची आपल्यात रीत नाय. राजा झाला म्हणून काय झालं."

घरामागून पाच मिनिटं चाललो आणि रस्ता संपला तिथं जंगल दिसलं. म्हणजे एक टेकडी, त्यावर दाट झाडी, झाडांवर बगळे. नसीम म्हणाली, हीच. टेकडीभोवती पाण्याचा रुंद खंदक. त्याच्या अलीकडे बांध, बांधाच्या अलीकडे आणखी खंदक, असे एकूण तीन. हिरवं, संथ, काठोकाठ पाणी, त्यात कासवं. चाचा कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिले. मग हातातल्या एक लिटरच्या बाटलीकडे बघितलं.

"याला पाणी कमी पडायचा नाय," ते म्हणाले, आणि बाटली माझ्या हातात दिली.

पण दार नाही हे त्यांना पटेना. इतकी मोठी कबर बांधली, मयत आत नेली, म्हणजे माणूस आत गेला असणार. गेला म्हणजे वाट आहे. या तर्कावर आम्ही तिघं त्या कबरीभोवती चालायला लागलो. एका बाजूला खंदक नि कुंपण, दुसऱ्या बाजूला लोकांची घरं, वाळत घातलेले कपडे, सायकली, चहाचे डबे देणारं मशीन. तासाभराने त्याच मशीनपाशी परत आलो. चाचांना वाटलं हे दुसरं मशीन असेल, म्हणून आणखी थोडं पुढं गेलो. माझे नवे बूट चावत होते. मी म्हटलं, चाचा, वाट असती तर दीड हजार वर्षांत कोणीतरी पाटी लावली असती. ते म्हणाले, सरकारी काम हाय, वेळ लागतो.

शेवटी पुन्हा समोरच्या बाजूला आलो, जिथून मघाशी चाचा वाट शोधत न थांबता पुढं गेले होते. तिथं पांढरी खडी पसरलेली, कुंपण, त्यामागे साधी दगडी कमान, नि तिच्यापलीकडे पुन्हा पाणी आणि जंगल. इथपर्यंत यायचं, वाकायचं, नि परत जायचं. कुंपणाशी दंडाला फीत बांधलेले एक म्हातारे गृहस्थ उभे होते, सत्तरी ओलांडलेले. आल्यागेल्याला फुकट माहिती सांगायचं काम ते आवडीनं करत. नसीम मधे उभी राहिली आणि दोघा म्हाताऱ्यांचं बोलणं जपानीतून इंग्रजीत, नि माझ्यामार्फत इंग्रजीतून कोकणीत, असं सुरू झालं.

चाचांनी विचारलं, तुम्ही तरी आत गेला असाल? म्हातारे म्हणाले, जन्म याच गल्लीतला, पण कधीच नाही. आत नक्की कोण आहे? ते जरा हसले. सरकार म्हणतं सम्राट आहेत. काही विद्वान म्हणतात, सांगता येत नाही. चाचांना हा मोठाच धक्का. चाचींच्या कबरीचा रांग क्रमांक नि दगड क्रमांक त्यांना इकाम्याच्या नंबरासारखा पाठ होता, आणि हा एवढा मोठा सम्राट, त्याचा पत्ता पक्का नाही.

"मंग तुम्ही हितं रोज येऊन करता काय?" चाचांनी विचारलं.

म्हाताऱ्यांनी विचार केला आणि दोन वाक्यं बोलले. नसीम वडिलांकडे वळली आणि पहिल्यांदाच, माझ्यामार्फत नाही, थेट बापाशी आईच्या भाषेत बोलली. "अब्बा, ते बोलतात, आत जायला लागत नाय. बाहेरनं केलेला सलाम पण आत जातो."

खडीवर जिथं लोक उभे राहतात तिथं जाऊन चाचा उभे राहिले. दुआ मागितली नाही. तो त्याच्या धर्माचा, मी माझ्या, असं नंतर म्हणाले. पण उजवा हात बसमधल्यासारखा किंचित वर गेला हे मी पाहिलं. नंतर नसीमने आम्हाला एका उंच सरकारी इमारतीवर नेलं. पुस्तकात ती कबर कुलपातल्या किल्लीच्या भोकासारखी दिसते, तसा आकार वरून दिसेल म्हणाली. वरूनही जंगलच दिसलं. चाचांनी मान डोलावली, आकार छान हाय म्हणाले, आणि खाली आलो.

कुवेतला परतल्यावर त्यांनी भाच्याच्या बाकाल्यात जाणं बंद केलं, माळीकामही विसरले. नसीमला फोन करून सांगितलं, येतो तुझ्याकडं. मला वाटलं, सुटलं एकदाचं. मग एका शुक्रवारी ते म्हणाले, डॉक्टर, चल सुलेबिखातला. मी गेलो. गाडी लावली, बाटल्या घेतल्या, आणि चाचा फाटकाशी येऊन थांबले. आत जाईनात. तिथूनच चाचींच्या रांगेच्या दिशेला तोंड करून उभे राहिले.

मी विचारलं, फाटक बंद आहे का? नाही, उघडं होतं. पहारेकरीही त्यांना ओळखत होता, तो आतूनच या या करत होता. चाचा म्हणाले, मागच्या शुक्रवारी रांगेच्या टोकाला उभा राहिलो. आज फाटकाशी. पुढच्या वेळी गाडीतळावर. "एकदम तोडायचं म्हटलं तं जमायचा नाय. थोडं थोडं लांब व्हतो. मंग शेवटच्या दिवशी बसमधनंच सलाम करायचा नि जायाचा. त्या जपान्यासारखं."

माझं डोकं फिरलं. अहो, सहा आठवडे हातात आहेत, ते आत जाऊन बसायचे सोडून ही कसली तालीम, असं मी भर फाटकात ओरडलो. पहारेकरी बिचारा आत निघून गेला. राग आला ते बरंच झालं, नाहीतर मला तिथं रडू कोसळलं असतं, आणि जिवंत माणसासाठी सुलेबिखातच्या फाटकात रडणं हे चाचांना अजिबात आवडलं नसतं. ते शांतपणे म्हणाले, बाटल्या आत ठेवून ये, पहारेकऱ्याला सांग, तो पाणी घालील. मी बाटल्या देऊन आलो.

आणि खरोखर, पुढचे शुक्रवार ते मागं मागं सरकत गेले. गाडीतळ झाला, रस्त्याची अलीकडची कड झाली, पलीकडची झाली. प्रत्येक वेळी मला सांगत, आज हितनं जमला. मी नुसता हूं म्हणत असे. हे जमतंय यात आनंद मानावा की काय, मला कळत नव्हतं.

शेवटचा दिवस मंगळवार होता. दुपारी बसची किल्ली जमा करायची आणि संध्याकाळचं विमान. बस भरलेली, बावीस माणसं. सिस्टरांनी वर्गणी काढून केक आणला होता, तो कोणाच्या तरी मांडीवर. सव्वासहाला सुलेबिखात आलं. चाचांनी रेडिओ बंद केला, उजवा हात उचलला, सलाम केला. मी कान टवकारले. बातमी आली नाही. बस तशीच पुढं गेली, भिंत संपली, कबरस्तान मागं पडलं. मी सुटकेचा श्वास सोडला. जमलं म्हणायचं.

पुढच्या पुलावर चाचांनी यू-टर्न घेतला.

ते परत आले, बस फाटकासमोर लावली, इंजिन चालू ठेवलं म्हणजे आमचा एसी बंद पडू नये, आणि उतरून आत गेले. चालत गेले नाहीत, धावत गेले. साठ वर्षांचा, गुडघे दुखणारा माणूस, कुठल्याही घाईशिवाय सतरा वर्षं बस चालवलेला, तो सकाळच्या उन्हात त्या रांगांमधून धावत गेला आणि लांब एका ठिकाणी एकदम खाली बसला. तिथून त्यांची फक्त टोपी दिसत होती.

साडेसहा झाले. पावणेसात झाले. सातला सगळ्यांची ड्युटी. रात्रपाळीवाल्या सिस्टरांचे फोन यायला लागले, तसे आमच्या सिस्टरांनी एकेक करून फोन बंद केले. धुलाईतला पोरगा उठला, माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. मी ती घेऊन फाटकापर्यंत गेलो, आणि पुढं मात्र गेलो नाही. ते दोघंच असू देत म्हटलं.

चाचा आले तेव्हा सात वाजून गेले होते. कपाळाला माती, गुडघ्यांना माती. मी बाटली पुढं केली. त्यांनी तोंड धुतलं, सीटवर चढले, आरशातून मागच्या बावीस जणांकडे बघितलं आणि म्हणाले, "माफ करा. त्या जपान्याला जमतं. मला नाय जमला." ते त्यांच्या भाषेत होतं, पण या वेळी मला ते कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. मग त्यांनी गियर टाकला, आणि आम्ही सगळे तासभर उशिरा जहऱ्याला पोचलो.